नादारीचा न केलेला अर्ज

माझी आई खायचे मासे विकायची आणि माझा नवरा बघायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या कोळीवाड्यात, सारसोळ्यात, यावरून बरेच दिवस हसणं चाललं होतं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईने त्याला तोंडावरच विचारलं, "मासं नुसतं बगायला लोक पैसं देतान?"

तो साताऱ्याकडचा, आईवडिलांच्या माळकरी घरात वाढलेला. चेष्टा त्याच्या लक्षात आली नसावी. तो गंभीरपणे म्हणाला, "देतात. दमून घरी आलेल्या माणसाला थोडा वेळ पाण्याकडे बघायला मिळालं, की बरं वाटतं."

आईने त्याला खालून वर पाहिलं. मग म्हणाली, "पान्याकडं बगून बरं वाटतं, ते खरं हाय." आणि आमचं लग्न झालं.

नेरूळच्या एका आतल्या गल्लीत त्याचं छोटं दुकान होतं. मी शिकवायची ती बालवाडी सुटली की तिकडे जाऊन बसायची. बाहेर ऊन रटरटत असायचं, आत मात्र सगळं निळसर, गार. पंपांचा एकसारखा बुडबुड आवाज. एंजल मासे हळूच वळायचे आणि वळताना क्षणभर नाहीसेच व्हायचे, इतके चपटे. मी तिथे स्टुलावर बसून चक्क डुलक्या काढायची. गिऱ्हाईक आलं तरी तो मला उठवायचा नाही. त्याची खरी कमाई दुकानातली नव्हती. ऑफिसांच्या रिसेप्शनमध्ये मोठमोठ्या टाक्या असतात ना, त्यांची देखभाल तो करायचा. पाणी बदलणं, काच घासणं, माशांची दवा. महापे, तुर्भे, बेलापूर असा आठवडाभर फिरायचा. त्याच्या हातांना कायम शेवाळाचा वास यायचा. आईच्या हातांना कोळंबीचा. मला दोन्ही वास घरचेच वाटायचे.

मग त्याने सीवूड्सला मोठं दुकान घेतलं. भाड्याचंच, पण स्टेशनजवळ, काचेच्या दर्शनी भिंतीचं. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. बँकेला जामीनदार हवा होता, आणि माझ्या नावावर फ्लॅट होता. आमच्या गावच्या जमिनी शहरासाठी गेल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा, प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली आणि आईच्या वाट्याला आलेल्या घरांतलं एक तिने लग्नात मला दिलं. तेच आमचं राहतं घर. बँकेत मी सही केली तेव्हा बाहेर छान वारा सुटला होता आणि आम्ही दोघं नंतर उसाचा रस प्यायला गेलो. जामीनदार म्हणजे कर्ज घेणाऱ्याला ओळखणारं माणूस, इतकंच माझ्या डोक्यात होतं. मी त्याला ओळखत होतेच.

नवं दुकान थोडे महिने फार सुंदर चाललं. मग लॉकडाऊन लागलं.

ऑफिसं एका संध्याकाळी बंद झाली ती झालीच. त्याला आत जायला परवानगी मिळेपर्यंत बऱ्याच ठिकाणी वीज तोडलेली होती, पंप थांबलेले होते. पहिल्या ऑफिसातून परत आल्यावर त्याने अंघोळ केली आणि एवढंच सांगितलं, "पाणी दुधासारखं झालं होतं." पुढच्या ऑफिसांबद्दल त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढचं हळूहळू घडत गेलं, पाणी ओसरतं तसं. बघत बसलं तर हलताना दिसत नाही. दुकानाचं भाडं थकलं. बँकेचा हप्ता भरायला त्याने क्रेडिट कार्ड वापरलं. ते कार्ड भरायला दुसरं काढलं. दुसरं भरायला मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवरून पैसे उचलले. ऑफिसं उघडली तेव्हा निम्म्या ठिकाणी टाक्यांच्या जागी झाडांच्या कुंड्या आल्या होत्या. शेवटी सीवूड्सचं दुकान सोडलं, आणि विकल्या न गेलेल्या टाक्या, जिवंत माशांसकट, आमच्या वन बीएचकेमध्ये आल्या.

तो काळ मला आजही नीट, सलग आठवत नाही. आठवतो तो एका लांबलचक दुपारसारखा. हॉलच्या भिंतीला लागून टाक्या, खिडकीखाली टाक्या, बेडरूमच्या कपाटासमोर एक. पडदे ओढलेले, कारण उन्हाने शेवाळ धरतं. भिंतींवर पाण्याची हलती जाळी. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायची तर एखाद्या तळाशी उतरल्यासारखं वाटायचं. आवाजसुद्धा दबून यायचे. तो दिवसभर झोपायचा. माशांना खायला घालायला उठायचा, परत पडायचा. त्याचा फोन उशीखाली गुरगुरत राहायचा, अनोळखी नंबर, एकामागून एक. कधी कधी मी त्याच्या शेजारी आडवी व्हायची आणि मला स्वप्न पडायचं की आमचा मजलाच खाडीत उतरलाय, भरती आलीय आणि सोसायटीचे लोक वरून काचेतून आमच्याकडे बघतायत. स्वप्नात मला भीती वाटायची नाही. जाग आल्यावर वाटायची.

त्याच दिवसांत त्याला तो शब्द सापडला. एकदा जेवताना म्हणाला, "अगं, कायद्यात सोय आहे. नादारीची."

"म्हणजे?"

"दिवाळखोरी म्हण. आपण कोर्टात जायचं, माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगायचं. कोर्ट तपासतं, आणि मोकळं करतं." मग भात कालवता कालवता अगदी हळू म्हणाला, "मोकळं करतं गं."

किती दिवसांनी त्याचा चेहरा जागा दिसला. त्यानंतर तो त्याबद्दल स्वप्नातल्यासारखा बोलायचा. कोर्टाची मोठी खोली असेल, वर पंखा असेल, न्यायाधीश चष्मा काढून म्हणतील, ठीक आहे, जा तुम्ही. त्यापुढे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याला फक्त ते 'जा तुम्ही' ऐकायचं होतं.

एक दिवस बालवाडीत फोन आला. आमच्या मुख्य बाईंनी घेतला. पलीकडचा माणूस म्हणत होता, तुमच्याकडच्या मॅडमचा नवरा चोर आहे, मुलांना कुणाच्या हाती देता? बाईंनी मला बोलावलं, पाणी दिलं आणि "आज जा घरी" म्हणाल्या. घरी आले तर दार नुसतं ओढलेलं, फोन गादीवर, तो नाही. मासे सगळे जागेवर, त्यांना नुकतंच खायला घातलेलं.

मी चप्पल बदलायचंही विसरले. घरातल्या सपातांवर सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत गेले. तिकडेच का, सांगता येणार नाही. पाणी तिकडे होतं म्हणून असेल. ओहोटी होती. चिखल चमकत होता, तिवरांच्या मुळांतून खेकडे पळत होते, आणि लांबवर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा उन्हात थरथरत होता. एवढं शांत सगळं, की मला ओरडावंसं वाटत होतं.

तो जेट्टीच्या कडेला आईजवळ बसला होता. ती कोळंबी निवडत होती आणि तो तिला निवडायला मदत करत होता. शाकाहारी माणूस. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं.

मी खाली बसले. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "घर माझ्या नावाव कर परत," ती म्हणाली. "कागद करून टाक उद्या. मंग कोन काय करतंय ते बगू."

"आणि मी नादारीचा अर्ज करतो," तो म्हणाला.

"तुमी आदी जेवा," आई म्हणाली. "मंग दोगं वकिलाकडं जा. तोंडानं घरं हलवून काय व्हनार हाय?"

बेलापूरला कोर्टाजवळच्या एका इमारतीत एक वकीलबाई बसायच्या. मुख्य बाईंच्या ओळखीतल्या. पन्नाशीच्या असतील. केस आखूड, गळ्यात काही नाही, टेबलावर डब्यातली अर्धी खाल्लेली पोळीभाजी. डबा बाजूला सारून म्हणाल्या, "हं, सांगा. खोटं सांगितलंत तर माझा वेळ जाईल, खरं सांगितलंत तर तुमचा वाचेल."

त्याने सांगितलं. सांगताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मला जेलमध्ये टाकतील का?"

"कर्ज फेडता आलं नाही, हा गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "पैसे असून मुद्दाम दडवले, कोर्टाचा हुकूम झाला तरी दिले नाहीत, तर दिवाणी कैद असते. ऐपतच नसलेल्या माणसासाठी ती नाही. आणि यांना तर नाहीच." माझ्याकडे हात केला. "पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. पण चेक दिलेत का कुणाला?"

"बँकेला दिलेत. सहीचे."

"ते न वटता परत आले तर ती वेगळी गोष्ट. ती फौजदारी आहे. हप्त्याची ऑटोमॅटिक कपात परत गेली तरी तसंच होऊ शकतं. नोटीस आली तर त्याच दिवशी माझ्याकडे या, गादीखाली ठेवू नका. लोक नोटिसा गादीखाली ठेवतात."

मला जे विचारायचं होतं ते मी गळ्याला हात लावूनच विचारलं. मला वाटत होतं माणसं येतील आणि मंगळसूत्रही घेऊन जातील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जुन्या कायद्यातच लिहून ठेवलंय. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, यांवर जप्ती येत नाही. कारागिराची हत्यारं पण नाही. पगार झाला तर त्याचाही ठरावीकच भाग घेता येतो. आणि जप्ती म्हणजे कोर्टाचा माणूस येतो, हुकूम घेऊन. फोनवर शिव्या देणारा नाही."

मला ते ऐकून काय झालं ते सांगता येत नाही. भांडी, अंथरूण. कुणीतरी फार पूर्वी, कुठल्या तरी टेबलाशी बसून, आमच्यासारख्या घरात शेवटी काय उरलं पाहिजे याचा विचार करून ठेवला होता. त्या खोलीत एकदम झोप आल्यासारखं सैल वाटलं मला.

"घराचं काय?" त्याने विचारलं. "घर हिच्या नावावर आहे. हिच्या आईने दिलेलं."

"मग तुमच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही. नवऱ्याचं कर्ज बायकोला आपोआप लागत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुठे सही केलीय?"

"दुकानाच्या कर्जाला," मी म्हणाले. "जामीनदार म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कार्डं आणि ॲपला?"

"नाही."

"म्हणजे कार्डं यांची. बँकेचं कर्ज मात्र तुमचंही, यांच्याइतकंच. आधी यांच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. बँकेने दावा लावला, निकाल घेतला, तर तुमच्या फ्लॅटपर्यंत येता येईल त्यांना."

"आई म्हणते घर परत तिच्या नावावर करावं."

"नका करू. घेणेकऱ्यांना चुकवायला म्हणून घर फिरवलंत तर कोर्ट तो कागद रद्द करू शकतं. आज तुम्ही अडचणीत आलेली माणसं आहात. उद्या लबाड ठराल."

मग तो पुढे सरकून बसला. त्याने तो शब्द काढला. त्या ऐकत होत्या. सांगू लागल्या की हो, असा अर्ज करता येतो. मुंबई शहराला एक जुना कायदा, आपल्याकडे दुसरा, दोन्ही इंग्रजांच्या वेळचे. नवा कायदा आलाय, पण त्यातला साध्या माणसांसाठीचा भाग अजून लागू केलेला नाही. अर्ज मंजूर झाला की तुमची जी काय मालमत्ता असेल ती कोर्टाच्या माणसाच्या ताब्यात जाते, तो ती विकून घेणेकऱ्यांत वाटतो, तुमचा व्यवहार तपासला जातो, आणि पुढे कधीतरी मुक्ततेचा हुकूम मिळतो. वेळ लागतो. पुष्कळ लागतो.

"पण शेवटी मोकळं करतात," तो म्हणाला.

"तुम्हाला करतात," त्या म्हणाल्या. "जामीनदाराला नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत होता. त्याने परत विचारलं, "म्हणजे?"

"तुम्ही सुटलात तरी यांची सही सुटत नाही. बँक सगळं यांच्याकडे मागेल. तुमची दारं बंद झाली की माणसं यांच्याच दारात येतील."

 तो हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. एखाद्याला गाढ झोपेतून हलवून उठवावं तसं झालं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं, म्हणजे माझ्या सहीमुळे.

परत येताना आम्ही बसमध्ये बसलो नाही. पाम बीच रोडच्या कडेने चालत राहिलो. उजेड उतरत होता, तिवरांवर धुरकट सोनेरी रंग पसरला होता, गाड्या सूं करून जात होत्या आणि प्रत्येक गाडीनंतर बेडकांचा आवाज परत सुरू व्हायचा. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अर्ज नाही करायचा."

मी म्हणाले, "तुला करायचा असेल तर..."

"नाही करायचा. तुला त्या टाकीत सोडून मी बाहेर पडू का?"

एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी उठला. हॉलमध्ये आले तर पडदे उघडलेले आणि तो टाक्यांचे फोटो काढत होता. विकायला.

त्यानंतर एका संध्याकाळी वसुलीचे दोघं आले. एक जाडसर, एक चष्म्यावाला. जाडसर माणूस दारातूनच मोठ्याने बोलायला लागला, सगळ्या मजल्याला ऐकू जावं म्हणून. आई नेमकी आलेली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आत या की. भायेर उभं राहून घसा कशाला सुकवतांव? पानी प्या."

ते आत आले. हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर जाडसर माणसाचं वाक्य तुटलं. टाक्यांचे दिवे लावलेले होते, सगळ्या भिंती हलत होत्या. चष्मेवाला नकळत एका काचेजवळ जाऊन वाकला. तेवढ्यात मी बोलून घेतलं. शब्द वकीलबाईंनी पक्के करून दिले होते. "तुमचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र दाखवा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर यायचं नाही, फोन करायचा नाही. माझ्या शाळेत परत फोन केलात तर मी बँकेकडे, रिझर्व्ह बँकेकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करणार. पैसे आम्ही बुडवत नाही. जे ठरवायचं ते बँकेशी बोलून ठरवू."

जाडसर म्हणाला, "मॅडम, आम्ही काय मजा म्हणून फिरतो का? आम्हाला पण टार्गेट असतं."

"असंल ना," आई म्हणाली. "पन तिला चोराची बायको म्हनायचं टार्गेट कोनी दिलंय?"

 चष्मेवाल्याने नवऱ्याला विचारलं, "हा कुठला मासा?" नवऱ्याने सांगितलं, डिस्कस, फार नाजूक असतो, पाणी जराही बिघडलं तर रंग सोडतो. दोघं पाणी प्यायले आणि निघून गेले. फोन बंद झाले नाहीत, पण शाळेत परत कधी आला नाही.

वकीलबाईंनी बँकेला पत्र लिहिलं. आधी बँकेचं कर्ज, कारण त्याला माझं नाव आहे. कार्डांचं नंतर. बेलापूरच्या लोकअदालतीत आमचं प्रकरण लागलं तो शनिवार होता. नवऱ्याने मनात रंगवलेली मोठी खोली तिथे नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गर्दी, टेबलांमागे बसलेले लोक, कुणाचं तरी मूल रडत होतं. बँकेचा तरुण अधिकारी आमच्याइतकाच दमलेला होता. व्याज-दंडाचा मोठा भाग बँकेने सोडला, मुद्दलाला हप्ते बांधून दिले. पहिला हप्ता आम्ही टाक्या विकून भरणार होतो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "दोघांना मान्य आहे? यावर पुढे अपील नसतं."

तो म्हणाला, "मान्य आहे." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "तुला?"

सही करताना या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली. मागची माणसं खोळंबली होती, वाचली तरी.

बाहेर आलो तर दोघांनाही एकदम भूक लागली. समोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ मागवली, मग परत एक मागवली. त्याला घाम आला, नाक लाल झालं, आणि तो डोळे पुसत हसायला लागला. तिखटाने की कशाने, मी विचारलं नाही.

आता तो एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर छताएवढी उंच टाकी आहे, ती आणि इतर मजल्यांवरच्या टाक्या तो सांभाळतो. पगार आहे, गणवेश आहे. बँकेचे हप्ते संपत आलेत. कार्डांची तडजोड झाली, पण कर्जांच्या नोंदीत त्याच्या नावापुढे तडजोडीचा शिक्का बसला, त्यामुळे कुठलीच बँक आम्हाला दारात उभं करत नाही. फ्रिज जुना झालाय, दार दोरीने बांधतो. नवा घ्यायला पैसे साठवतोय.

सोसायटीतल्या बायका कधी कधी मला जिन्यात गाठतात. एकीचा दीर वारला, त्याचं कर्ज पोरांना लागेल का. बापाकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच, त्याहून जास्त नाही, असं मला ऐकून माहीत आहे. पण मी तेवढ्यावर थांबत नाही. वकीलबाईंचा पत्ता देते आणि म्हणते, जेवून जा, आणि काही लपवू नका.

परवा मी त्याला डबा द्यायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. तो शिडीवर होता, दंडापर्यंत पाण्यात. खाली सलाइनची नळी लावलेली एक मुलगी आईच्या कडेवर होती. तिने काचेला गाल टेकवला होता, डोळे अर्धवट मिटलेले. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. तिच्या आईने मला खुणेने विचारलं, झोपली का? मी वाकून पाहिलं आणि मान हलवली, हो, झोपली.